लाकडाचा कल

समुद्राने वाहून आणलेले लाकूड पाहायचे असेल, तर उधाणाच्या भरतीनंतरची सकाळ सर्वांत चांगली. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी नेहमीच्या मर्यादेपेक्षा बरेच वर चढते आणि ओसरताना पुळणीवर एक वेडीवाकडी रेघ सोडून जाते. शेवाळाच्या जटा, शिंपल्यांचा चुरा, पक्ष्यांची पिसे, दोरखंडाचे तुकडे आणि अलीकडे नको तितके प्लॅस्टिक, अशा पसाऱ्यात अडकून लाकडेही आलेली असतात. मी या रेघेच्या कडेकडेने चालते, आणि शक्यतो ऊन तिरपे असतानाच चालते. तिरप्या उन्हात लाकडाचा प्रत्येक उंचवटा आपली सावली पाडतो, एखादा खळगा डोळ्याची खोबण होतो, एखादी चीर जिवणी होते. सूर्य डोक्यावर आला की त्याच लाकडावरचे हे सगळे पुसले जाते आणि एक करडा तुकडा तेवढा उरतो. किनाऱ्यावर काहीच सापडले नाही असे म्हणणारे पुष्कळ जण भलत्या वेळी गेलेले असतात, असे माझे मत झाले आहे.

वेळेइतकाच फरक ओलाव्याने पडतो. ओले लाकूड गडद दिसते, त्याचे रंग आणि रेषा डोळ्यांत भरतात, आणि त्या भरात त्याचा आकार मागे पडतो. तेच लाकूड वाळले की रंग निघून जातात आणि आकार पुढे येतो. वाहून आलेल्या लाकडाला येणारा तो राखाडी, रुपेरी रंग उन्हाचा आणि पाण्याचा मिळून असतो. लाकडाच्या तंतूंना घट्ट धरून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य उन्हातल्या अतिनील किरणांनी विघटित होते, पाणी ते धुऊन नेते, आणि पृष्ठभागावर फिकट सेल्युलोजचे तंतू उरतात. झाड कोणते होते, साल कशी होती, पाने कोणत्या आकाराची होती, ही सगळी ओळख अशा रीतीने पुसली गेल्यावरच त्या लाकडाला दुसरे काही दिसण्याची मोकळीक मिळते. ताज्या तोडलेल्या फांदीत मला सहसा काही दिसत नाही. ती फांदीच असते.

महासागरात दोन ओंडके एकत्र येतात आणि लाटेसरशी पुन्हा दुरावतात, हा दाखला आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माणसांच्या भेटीगाठींविषयी तो जे सांगतो ते खरेच आहे. पण त्यातले ओंडके आपण फार दुरून पाहतो. त्यांना चेहरा नसतो आणि पूर्वायुष्यही नसते. किनाऱ्यावर वाकून एक ओंडका हातात घेतला, की त्याच्या अंगावर जे काही आहे त्यातले फारच थोडे निव्वळ योगायोगाने आलेले आहे, हे लक्षात येऊ लागते.

डोळ्यांचेच पाहा. वाहून आलेल्या लाकडात डोळे इतक्या वेळा का दिसतात, याचे अर्धे उत्तर पाहणाऱ्याच्या मनात असले, तरी उरलेले अर्धे लाकडात आहे. फांदी जिथून फुटते, तिथे तिचे मूळ खोडात खोल रुतलेले असते, आणि खोड जाड होत जाते तसे ते मुळाभोवती लपेटत जाते. यालाच आपण गाठ म्हणतो. गाठीतले लाकूड आजूबाजूच्या लाकडापेक्षा घट्ट असते आणि खोडाचे तंतू तिला वळसा घालून पुढे जातात. लाटांबरोबर येणारी वाळू वर्षानुवर्षे घासत राहते, तेव्हा मऊ भाग आधी झिजतो, गाठ वर उठून राहते आणि तिच्याभोवती वळसा घेतलेले तंतू वरच्या व खालच्या पापणीसारखे उरतात. मधोमध बुबुळ, त्यात एकात एक वलये, आणि भोवती सुरकुतलेली पापणी. झाडाने फांदी धरून ठेवण्यासाठी जी रचना केली, तीच समुद्राने उघडी पाडली की आपल्याकडे पाहू लागते.

उरलेल्या अंगावरच्या बारीक समांतर कंगोऱ्यांचेही तसेच आहे. ऋतू स्पष्ट असलेल्या प्रदेशातल्या झाडांचे वाढीच्या हंगामाच्या आरंभी तयार होणारे लाकूड मऊ असते आणि हंगाम सरताना तयार होणारे टणक असते. झीज या दोहोंना सारखी वागवत नाही. मऊ थर खोल जातात, टणक थर धारेसारखे वर राहतात, आणि त्यातून पिसांचे, खवल्यांचे, कातडीच्या घड्यांचे भास होतात. काही झाडांचे तंतू मुळातच पिळासारखे फिरत वर चढतात. साल गेल्यावर तो पीळ उघडा पडतो आणि वाळताना पडणाऱ्या चिरा त्याच पिळाच्या वाटेने जातात. अशा लाकडात वळणाऱ्या मानेचा किंवा पिळलेल्या कमरेचा भास झाला, तर त्यात नवल नाही.

काही आकार मात्र समुद्रातल्या जिवांनी कोरलेले असतात. बोटभर रुंदीच्या गोल भोकांनी चाळण झालेले लाकूड सापडले, तर ते बहुधा टेरेडोचे काम असते. त्याला किडा म्हणण्याची पद्धत असली तरी तो शिंपल्यांचा भाऊबंद आहे. त्याचे लांबट मऊ शरीर लाकडाच्या आत असते आणि पुढच्या टोकावरच्या दोन इवल्या शिंपा किसणीसारख्या चालवून तो लाकूड खात पुढे सरकतो. मागे उरलेल्या बोगद्याला तो चुन्याचे पांढरे अस्तर लावतो. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की एकाच लाकडात असे अनेक जीव दाटीने राहत असूनही त्यांचे बोगदे सहसा एकमेकांत घुसत नाहीत. शेजारी जवळ आला की बोगदा वळण घेतो. म्हणून अशा लाकडाचा छेद पाहताना एक गुंतागुंतीचा पण कुठेही न अडखळणारा ओघ दिसतो. मार्क ब्रुनेल या अभियंत्याला अशाच पोखरलेल्या जहाजाच्या लाकडावरून बोगदा खणण्याच्या यंत्राची कल्पना सुचली असे सांगतात. त्याने 1818 साली त्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि त्या पद्धतीने लंडनमध्ये थेम्स नदीखालून खणलेला बोगदा 1843 साली खुला झाला. कुजक्या लाकडात कुणाला पक्षी दिसतो, कुणाला नदीखालची वाट दिसते. दोन्ही पाहण्यांची जात मला एकच वाटते.

सुरुवातीला डोळा नावे शोधतो. हे बदक, ही मगर, हा फणा काढलेला नाग. चेहरा ओळखण्याची मेंदूची यंत्रणा इतकी तत्पर असते, की दोन खळगे आणि त्यांखाली एक चीर दिसताच ती सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आतच जागी होते, आणि निर्जीव वस्तूंत चेहरे पाहण्याची ही सवय माकडांमध्येही आढळली आहे. या सहज होणाऱ्या ओळखीत आनंद आहेच, आणि लहान मुलांबरोबर चालताना तर दुसरे काही नकोच असते. पण पुष्कळ लाकडे पाहून झाल्यावर माझ्या लक्षात आले, की ज्यांना चटकन नाव मिळते ती लाकडे मनात फार दिवस राहत नाहीत. बदक दिसले, बदक म्हणून झाले, संपले. मनात राहतात ती वेगळी लाकडे. त्यांना ना धड डोके असते, ना पाय. असतो तो एक कल. काहीतरी उठू पाहते आहे, काहीतरी अंग चोरते आहे, काहीतरी कशावर तरी रेलले आहे, एवढेच आपल्याला कळते.

हा कल येतो कुठून, याचा विचार करताना झाडाकडे परत जावे लागते. उतारावरचे झाड आपला तोल सावरत वाढते. वाकलेल्या खोडात आणि आडव्या फांदीत भार पेलण्यासाठी वेगळ्या प्रकारचे लाकूड तयार होते. सूचिपर्णी झाडांत ते खालच्या अंगाला असते आणि रुंद पानांच्या झाडांत वरच्या अंगाला. म्हणजे आधार देणे आणि ओढून धरणे, या दोन्ही क्रिया लाकडाच्या घडणीत अक्षरशः साठवलेल्या असतात. आपल्या हातापायांनाही आयुष्यभर तेच काम असते. फांदीचा बुंधा खोडाला जिथे मिळतो तिथे तो खांद्यासारखा रुंदावतो, कारण भार दोन्ही ठिकाणी तसाच पेलावा लागतो. त्यामुळे किनाऱ्यावरच्या एखाद्या वाकलेल्या मुळात आपल्याला दुखरी पाठ दिसते, तेव्हा ती ओळख डोळ्यांच्या आधी आपल्या पाठीला पटलेली असते, असे मला मनापासून वाटते.

माझ्याकडे कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीचा एक तुकडा आहे, त्याविषयी सांगते. तो बहुधा मूळ आणि खोड यांच्या सांध्याचा असावा. एका टोकाला तो पसरट आणि पातळ आहे, इतका पातळ की उन्हासमोर धरला तर कडेला मधासारखा उजळतो. मध्यावर त्याला पीळ आहे, आणि वरच्या तिसऱ्या भागात एक गाठ आहे, पण ती डोळ्याच्या जागी नाही. मान जिथे खांद्यात उतरते तिथे ती आहे. आडवा ठेवला तर तो पाण्याबाहेर आलेल्या माशाच्या पाठीसारखा दिसतो. पसरट टोक वर धरून उभा केला तर ते पंख उघडण्याच्या बेतात असलेल्या पक्ष्यासारखे वाटते, आणि हे रूप इतके उघड आहे की पाहणारे बहुतेक जण तिथेच थांबतात. पण पसरट टोक खाली ठेवून तो किंचित तिरका उभा केला, की हाक ऐकून मागे वळणारे कुणीतरी त्यात उभे राहते. वळणे अजून पूर्ण झालेले नाही. खांदा वळला आहे, मान निम्मी वळली आहे, आणि चेहरा जिथे हवा तिथे लाकूड तुटलेले आहे. चेहरा नसल्यामुळेच ती हाक कुणाची, ओळखीची की अनोळखी, हे ठरत नाही, आणि मला त्या तुकड्याकडे पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते.

पंधराव्या शतकातला इटालियन वास्तुविशारद आणि विचारवंत लिओन बात्तिस्ता अल्बेर्ती याने शिल्पकलेचा उगम सांगताना असे म्हटले आहे, की झाडाच्या खोडात किंवा मातीच्या ढेकळात एखाद्या खऱ्या वस्तूशी साम्य असलेल्या रेषा लोकांना कधीतरी दिसल्या असाव्यात, आणि थोडी भर घालून, थोडे काढून टाकून ते साम्य पुरे करता येईल का, असा प्रयत्न त्यांनी केला असावा. म्हणजे त्याच्या मते आधी सापडणे आणि मग घडवणे. हे इतिहास म्हणून सिद्ध करणे अवघड आहे, पण किनाऱ्यावर चालणाऱ्या कुणालाही ते पटेल.

सापडलेल्या साम्यावर मात्र किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न उरतो, आणि त्याची सर्वांत सुरस कथा वाहून आलेल्या लाकडाशीच जोडलेली आहे. समुद्रात दीर्घ काळ तरंगलेल्या ओंडक्यांना कधीकधी लांब, लवचीक, काळपट देठांचे आणि टोकाला पांढुरक्या चकचकीत शकलांचे जीव झुबक्यांनी लटकलेले असतात. हे बार्नॅकल, म्हणजे खेकड्या-कोळंबीच्या नात्यातले प्राणी. पण देठ म्हणजे मान आणि शकले म्हणजे चोच किंवा मिटलेले पंख असे पाहिले, की डोळ्यांसमोर हंसाचे पिल्लू येते. युरोपच्या वायव्य किनाऱ्यांवर हिवाळ्यात एका जातीचे रानहंस येत आणि त्यांची घरटी कुणी कधी पाहिलेली नव्हती, कारण ती दूर उत्तर ध्रुवप्रदेशात असत. तेव्हा हे पक्षी तरंगत्या लाकडातूनच उगवतात, अशी समजूत रुजली. बाराव्या शतकात गेराल्ड ऑफ वेल्स याने ती गंभीरपणे लिहून ठेवली, आणि मांसातून जन्मलेले नसल्यामुळे हे पक्षी उपवासाला चालतात असे काही धर्मगुरू मानत, हेही त्याने नोंदवले. पुढे कित्येक शतके ही समजूत टिकली. मला त्या लोकांविषयी आपुलकीच वाटते, कारण त्यांचे पाहणे बारकाईचे होते आणि साम्य खरोखर तिथे आहे. लाकडात बगळा पाहताना ते लाकूडच आहे याचे भान सुटू द्यायचे नाही, आणि ते भान आहे म्हणून बगळ्याला हाकलूनही द्यायचे नाही, या दोन्हींच्या मधल्या जागेत उभे राहणे मला महत्त्वाचे वाटते.

मुळांचे तुकडे हाती आले, तर त्यांच्या बेचक्यांत जरूर पाहावे. जमिनीत वाढताना मुळे दगडांना वेढा घालतात आणि झाड उन्मळून समुद्रात गेले तरी ती पकड सुटत नाही. मुठीत घट्ट धरलेला एक खडा घेऊन असे मूळ कुठच्या कुठे जाऊन लागते. डार्विनने आपल्या सागरप्रवासाच्या वृत्तांतात शामिसो या निसर्गशास्त्रज्ञाच्या आधाराने लिहिले आहे, की प्रशांत महासागरातल्या राडाक द्वीपसमूहावरचे लोक हत्यारांना धार लावायचे दगड असेच, किनाऱ्यावर लागलेल्या झाडांच्या मुळांत शोधून, मिळवत असत. प्रवाळांच्या त्या बेटांवर कठीण दगड नव्हताच. तिथे असा दगड सरदाराच्या मालकीचा ठरे आणि तो चोरणाऱ्याला शिक्षा होई. खडा धरून बसलेले मूळ पाहिले की मला ते नेहमी हातासारखे दिसते. पण या माहितीनंतर तो हात काही लपवणारा वाटत नाही, काही पोचवणारा वाटतो. माहितीने कल्पना मरते असे म्हणणाऱ्यांशी मी याच कारणाने सहमत होऊ शकत नाही.

किनाऱ्यावर आलेल्या लाकडात माणूस किंवा देव पाहणाऱ्या कथा दूरदूरच्या प्रदेशांत आहेत. उत्तर युरोपातल्या जुन्या पुराणकथेत तीन देव समुद्रकाठाने चालत असताना त्यांना दोन झाडे पडलेली सापडतात. एक देव त्यांना प्राण देतो, दुसरा बुद्धी आणि चलनवलन, तिसरा चेहरा, वाणी, श्रवण आणि दृष्टी, आणि त्यांतून आस्क आणि एम्ब्ला ही पहिली माणसे होतात. पुरीच्या जगन्नाथाची कथा आपल्याला अधिक परिचयाची आहे. समुद्रातून वाहत आलेला तो दिव्य ओंडका, इंद्रद्युम्न राजा, बंद दाराआड मूर्ती घडवणारा म्हातारा सुतार, आणि मुदतीआधीच उघडले गेलेले ते दार. मूर्ती हातापायांवाचून अपुऱ्या राहिल्या आणि तशाच पूजल्या गेल्या. लाकडाचे लाकूडपण इतके शिल्लक ठेवणारी दुसरी मूर्ती माझ्या पाहण्यात नाही.

या कथा मला आठवतात त्या पटाशी हातात घेण्याचा मोह होतो तेव्हा. थोडी चोच टोकदार केली, इथे एक छिद्र पाडून काचमणी बसवला, वर चमकदार पॉलिश दिले, तर साम्य पक्के होईल, असे वाटते. आणि ते होतेही. पण पक्के झाल्यावर त्या लाकडाला दुसरे काही होता येत नाही. माशाची पाठ गेली, मागे वळणारे कुणीतरी गेले, एक पक्षी तेवढा उरला. म्हणून माझा हात ब्रशपलीकडे जात नाही. अर्थात कोरणे म्हणजे बिघडवणेच, असा माझा आग्रह नाही. पूर्व ग्रीनलंडमधल्या अम्मास्सालिक भागात 1885 साली गुस्ताव होल्म या डॅनिश अधिकाऱ्याला तिथल्या एका रहिवाशाने लाकडात कोरलेले किनारपट्टीचे नकाशे दिले होते. आखातांचे खाचखळगे आणि भूशिरांचे उंचवटे त्यांत कडेकडेने असे कोरले आहेत, की बोट फिरवून किनारा वाचता यावा. त्या प्रदेशात मोठी झाडे नाहीत. तिथे येणाऱ्या लाकडाचा मोठा वाटा सायबेरियातल्या नद्यांतून समुद्रात जाऊन, बर्फात अडकून, वर्षानुवर्षे सरकत आलेला असतो. बर्फाचा आधार नसता, तर ते वाटेतच पाणी पिऊन बुडाले असते. ज्या लाकडाने एवढे किनारे ओलांडले, त्याच्यावर किनारा कोरणाऱ्या हाताला मी मनोमन वंदन करते.

घरी आणायचे ते अगदी थोडे आणावे. मोठी लाकडे पुळणीवर पडून राहिली तर त्यांच्या आडोशाला वाळू साचते, साचलेल्या वाळूत बी रुजते, खेकडे आणि लहान जीव तिथे आसरा घेतात. काही किनाऱ्यांवर लाकूड उचलण्यास मनाईही असते, आणि ती योग्यच आहे. आणलेला तुकडा गोड्या पाण्यात, पाणी बदलत, बरेच दिवस भिजवून ठेवावा म्हणजे मीठ निघून जाते. नंतर तो सावलीत सावकाश वाळवावा, कारण उन्हात घाई केली तर नव्या चिरा पडतात आणि त्यांनी आकार बदलतो. मऊ ब्रशने वाळू काढली की आपले काम जवळजवळ संपते. उरतो तो एकच निर्णय, आणि सर्वांत जास्त वेळ तोच खातो: कोणती बाजू वर आणि तिरकेपणा किती. तो निर्णय मी कित्येक दिवस घेत नाही. येता-जाता तुकडा फिरवत राहते.

घरी येणाऱ्यांना मी कोणत्याही तुकड्याचे नाव सांगत नाही. मागे वळणारा तो तुकडा पाहून कुणी ज्योत म्हटले, कुणी सागरी घोडा म्हटले, एका आजींनी बराच वेळ पाहून काहीच म्हटले नाही. शेजारचा एक लहान मुलगा मात्र त्याच्यासमोर उभा राहिला, आपला डावा खांदा मागे नेला, मान निम्मी वळवली आणि तशाच अवस्थेत मला विचारू लागला, "हे असंच ना?" मी हो म्हटले. तो गेल्यावर मी तो तुकडा हातात घेऊन किंचित पुढे झुकवून ठेवला, कारण त्या मुलाच्या उभे राहण्यात हनुवटी माझ्या अंदाजापेक्षा जरा खाली आली होती, आणि लाकडाचा पीळही, नीट पाहिले तर, तेच सांगत होता.